तुम्ही विचारलंत म्हणून: गुण निर्णयाला की कारणाला?

"नीतीच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसते, मग तुम्ही गुण कशाचे देता?" हे मला सहकारी विचारतात, पालक विचारतात, धंतोलीत भेटलेले जुने विद्यार्थीही विचारतात. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला एटकॉम, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा अभ्यासक्रम आला, तेव्हापासून नागपुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी ही उत्तरे तपासते आणि "कारणांचे गुण देते" एवढेच सांगून विषय बदलते. ते उत्तर पूर्ण खरे नव्हते.

तीन वर्षांपूर्वीच्या अंतर्गत परीक्षेत मी सिकलसेलचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा प्रसंग दिला होता. विदर्भात तो आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. लग्न ठरलेल्या मुलीचा अहवाल 'एएस', म्हणजे ती वाहक आहे. सासरी कळू देऊ नका, अशी तिची विनंती आहे. मुलाची तपासणी झालेली नाही. तुम्ही काय कराल आणि का? गुण १०.

एकाने स्वायत्ततेपासून न्यायापर्यंत वैद्यकीय नीतीची चारही तत्त्वे ओळीने मांडून गोपनीयता राखीन असे लिहिले. त्याला मी ८ गुण दिले. गडचिरोली जिल्ह्यातून आलेल्या एका मुलीने लिहिले होते की, आधी मी तिची समजूत घालेन, मुलाचीही तपासणी करून घ्या म्हणेन, तरीही ती तयार झाली नाही तर मुलाच्या घरी सांगेन. कारण तोही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते आणि त्या बाळाला कोणीच विचारलेले नसते. मी लाल शाईने 'गोपनीयतेचा भंग' असा शेरा मारून ३ गुण दिले.

ती पेपर घेऊन माझ्या खोलीत आली. कूलरच्या आवाजात तिचे बोलणे ऐकू येईना, म्हणून मी तो बंद केला. "मॅडम, निर्णय चुकला असेल, पण कारण कुठे चुकलं ते तुम्ही लिहिलंच नाही." तिचा धाकटा भाऊ 'एसएस' आहे, म्हणजे त्याला प्रत्यक्ष आजार आहे, आणि दुखणे उठले की आई रात्रभर त्याचे पाय चोळत बसते, हे तिने मी खोदून विचारल्यावरच सांगितले. मी तिला नियम समजावला. ती "हो मॅडम" म्हणून गेली.

नंतर मी दोन्ही पेपर शेजारी ठेवले. ८ गुणांच्या पेपरात मुलाच्या तपासणीचा उल्लेख नव्हता, बाळाचाही नव्हता. माझ्या उत्तरसूचीत 'गोपनीयता राखली: ४ गुण' असे माझ्याच अक्षरात होते. गुण तोवर पाठवून झाले होते. दुरुस्तीचा अर्ज करता आला असता. मी केला नाही.

तरीही, डॉक्टरने रुग्णाला डावलून परस्पर तिच्या सासरी सांगावे, हे मला आजही मान्य नाही. लग्न मोडले तर दोष त्या मुलीच्याच माथी येतो. गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एका एचआयव्हीबाधित तरुणाच्या मोडलेल्या लग्नाच्या प्रकरणात म्हटले आहे आणि तो निकाल मीच वर्गात शिकवते. सिकलसेल जोडीदाराला लागत नाही, हा फरक मोठा आहे. पण तो फरक मी तिच्या पेपरावर लिहायला हवा होता.

आता उत्तरसूचीत मी असे पाहते की विद्यार्थ्याने कोणाकोणाचा विचार केला, विरुद्ध बाजूचे सबळ म्हणणे मांडले का, आणि कोणती माहिती मिळाली तर आपला निर्णय बदलेल हे सांगितले का. निर्णयाचे २ गुण मात्र मी अजून काढलेले नाहीत, कारण या मुलांच्या हाती उद्या खरे रुग्ण असतील. तिच्या उत्तराची प्रत माझ्याकडे आहे. नव्या सूचीने ते तपासले की कधी ७ गुण भरतात, कधी ५.