नारिंगी दिवा आणि तुटलेला टॅप

मुंबईत साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या गाळ्यातून मला बोलावणे आले ते अगदी किरकोळ कामासाठी. तिथल्या जुन्या लेथला, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून त्याला आकार देणाऱ्या यंत्राला, एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर होती आणि ती सुलट-उलट फिरवण्यासाठी दांड्याचा ड्रम स्विच बसवलेला होता. स्विचच्या पट्टीवरची अक्षरे तेलकट हातांनी केव्हाच पुसली गेली होती, त्यामुळे नव्या मुलांना दांडा कोणत्या बाजूला आहे हे कळत नसे. धातूचा तुकडा पकडणारे चक स्पिंडलच्या, म्हणजे फिरत्या कण्याच्या, आट्यांवर बसणारे होते. चुकून मोटर एकदम उलट सुरू झाली तर ते सैल होऊन निखळेल, ही मालकांची भीती रास्त होती. सुलट असताना हिरवा आणि उलट असताना नारिंगी दिवा लागावा, एवढीच त्यांची मागणी होती.

मालकांच्या भाच्याने आधी स्वतः एक प्रयत्न करून पाहिला होता. उलट-सुलट करताना स्टार्टिंग वाइंडिंगच्या, म्हणजे मोटर सुरू करून देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या, टोकांची अदलाबदल होते हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने दिवा त्याच दोन टोकांना जोडला होता आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच पेटत होता. एसी पुरवठ्यात फेजची तार या टोकाला आली काय किंवा त्या टोकाला आली काय, दिव्याच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. भाच्याची चूक हसण्यासारखी नव्हती. स्विचच्या आत काय चालते याचा निम्मा अंदाज त्याला आला होता, आणि तेवढाही पुष्कळांना नसतो.

मी मेन बंद करून स्टार्टिंग वाइंडिंगला जोडलेल्या कपॅसिटरमधला विजेचा भार उतरवला, कारण पुरवठा तोडल्यावरही तो त्यात राहू शकतो, आणि मग मल्टिमीटरने स्विचचे सहाही संपर्क तपासून घेतले. दोन संपर्क दांडा कोणत्याही बाजूला असला तरी जुळत होते आणि मोटर चालती ठेवणाऱ्या रनिंग वाइंडिंगला फेज देत होते. उरलेले चार स्टार्टिंग वाइंडिंगच्या टोकांची अदलाबदल करत होते. म्हणजे त्यातले एक टोक सुलट बाजूला फेजवर आणि उलट बाजूला न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, जात होते, तर दुसऱ्याचे नेमके याच्या विरुद्ध होत होते. तेव्हा पहिल्या टोकापासून न्यूट्रलपर्यंत हिरवा आणि दुसऱ्यापासून न्यूट्रलपर्यंत नारिंगी दिवा जोडला की काम झाले. लोहार चाळीच्या विजेच्या बाजारातून आणलेले 230 व्होल्टचे एलईडी दिवे 22 मिलिमीटरच्या भोकांत बसवून मी चाचणी घेतली. दांडा सुलट केला तेव्हा हिरवा लागला, मधे आणला तेव्हा दोन्ही विझले, चक थांबू दिल्यावर उलट केला तेव्हा नारिंगी लागला. बंद करताना मोटर मंदावत आली की आतला, वेगानुसार तुटणारा-जुळणारा सेंट्रिफ्युगल स्विच टक् करून जुळे आणि त्या क्षणी दोन्ही दिवे एकदम लुकलुकत; कपॅसिटरमधला उरलासुरला भार वाइंडिंगमधून आणि दोन्ही दिव्यांतून वाट काढत होता. ते मी मालकांना समजावून सांगितले आणि चहा घ्यायला बसलो.

चहा संपण्याआधीच लेथकडून कट् असा आवाज आला. भाचा बॅकगिअरवर, म्हणजे चक संथ फिरवणाऱ्या गिअरवर, एका बाजूने बंद असलेल्या भोकात 6 मिलिमीटरचा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, चालवत होता. भोकाचा तळ जवळ आल्यावर त्याने दांडा सुलटवरून एका झटक्यात उलट केला, हिरवा विझून नारिंगी लागला, पण चक मात्र सुलटच फिरत राहिले आणि टॅप तळाला टेकून तुटला.

“मामा, दिवा उलटा दाखवतोय, पण मशीन सुलटंच चाललंय!” तो ओरडला. मालक काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. क्षणभर मलाही माझ्या जोडणीचीच शंका आली, आणि त्याला कारण होते. माझी बरीच वर्षे थ्री फेज मोटरींवर गेली आहेत. तिथे चालत्या मोटरीच्या दोन फेजची अदलाबदल केली की ती प्रचंड करंट खेचत, धक्का देत का होईना, पण उलटतेच.

सिंगल फेज कपॅसिटर स्टार्ट मोटरीचे तसे नाही. पूर्ण वेगाच्या साधारण पाऊण हिश्शापर्यंत ती पोहोचली की सेंट्रिफ्युगल स्विच स्टार्टिंग वाइंडिंग तोडून टाकतो, आणि एकट्या रनिंग वाइंडिंगच्या चुंबकीय क्षेत्राला स्वतःची अशी दिशा नसते. रोटर ज्या बाजूला फिरत असतो त्याच बाजूला ते त्याला फिरवत ठेवते. दांडा मधल्या जागेवरून अर्ध्या सेकंदात पलीकडे गेला, तेवढ्यात वेग फारसा उतरला नाही, आणि स्टार्टिंग वाइंडिंगच्या टोकांची अदलाबदल तुटलेल्या वाटेवरच झाली. जोडणीत चूक नव्हती, पण माझे दोन्ही दिवे दांड्याची जागा सांगत होते आणि भाचा त्यावरून मोटरीची दिशा वाचत होता. पूर्वी तो चक थांबल्याचे डोळ्यांनी पाहून मगच दांडा उलट करायचा. त्या दिवशी त्याने चककडे न पाहता दिव्याकडे पाहिले. हे मी आधी सांगायला हवे होते, म्हणून टॅपची किंमत माझ्या बिलातून वजा करायला लावली.

थांबल्याशिवाय उलटू न देणारे कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच) आणि टायमर बसवण्याचा पर्याय मी सुचवला, पण एका लेथसाठी तो खर्च मालकांना जड वाटला. ते स्वतः लेथ चालवणारे जुने टर्नर होते. त्यांनी तासाभरात स्प्रिंगची एक खुंटी करून स्विचवर बसवली. ती बोटाने ओढल्याशिवाय दांडा मधल्या जागेवरून पुढे सरकत नाही. तो अडथळा मोटर खरोखर थांबली आहे की नाही हे जाणत नाही, पण हात तिथे थबकतो. मी दिव्यांखालच्या ‘मोटर सुलट’ आणि ‘मोटर उलट’ या पट्ट्या काढून ‘दांडा सुलट’ आणि ‘दांडा उलट’ अशा लावल्या. भाचा तोवर तुटलेल्या टॅपचा तुकडा पंचने उलट्या दिशेने ठोकत बसला होता, आणि मी निघालो तेव्हाही तो निघाला नव्हता.