ट्रक अपडेट: वीस-पन्नास ऑइल रद्द, फ्यूएल पंप बाहेर, गरम आयडलला १९ पीएसआय

मंडळी, माझ्या जुन्या ट्रकचं इंजिन तापलं की ऑइलचं प्रेशर का पडतं हे शोधायला ऑइलचा नमुना पाठवला होता, त्याचा लॅबचा रिपोर्ट आला. "बेअरिंग गेली, इंजिन खोल" म्हणणाऱ्यांनी जरा बसून घ्या. "वीस-साठ (म्हणजे २०डब्ल्यू-६०, वीस-पन्नासहून घट्ट ऑइल) टाक आणि मोकळा हो" म्हणणाऱ्यांनीही.

मागचं सगळं परत उगाळत नाही. सहा सिलिंडर, पेट्रोल, कार्बोरेटर, ब्लॉकमधला कॅम, सपाट सॉलिड टॅपेट (कॅमच्या उंचवट्यांवर, म्हणजे लोबवर, घासत व्हॉल्व्ह उघडणारे तुकडे). ओव्हरहॉलच्या वेळी मेन आणि बिग एंड या क्रँकच्या बेअरिंगांचे क्लिअरन्स (फटी) ०.०५ मिमीच्या आसपास मोजलेले, सगळे लिमिटमध्ये. तरीही इंजिन नीट तापलं की आयडलला (गाडी उभी, इंजिन हळू चालू) ऑइलचं प्रेशर ९-१० पीएसआयवर यायचं. गेज बदललं, मेकॅनिकल गेज लावून ताडलं, आकडा तोच.

मला खटकत होती ती प्रेशर पडण्याची तऱ्हा. ताजं वीस-पन्नास भरलं की गरम आयडलला २२ पीएसआय. मग काही आठवडे ते हळूहळू उतरायचं. ऑइल बदललं की पुन्हा २२. झिजलेलं बेअरिंग असं वागत नाही, ऑइल बदललं म्हणून त्याचा क्लिअरन्स कमी होत नाही. त्याहून विचित्र म्हणजे जवळच्या फेऱ्यांत प्रेशर झपाट्याने घसरायचं आणि हायवेवर लांब पल्ला मारला की परतताना दोन-तीन पीएसआय वर आलेलं दिसायचं. लांब पल्ल्यानंतर प्रेशर सुधारतं हे ऐकून आमच्या गटातले जुने मेकॅनिकही गप्प झाले होते.

म्हणून या खेपेला नमुना लॅबला पाठवला. आणि एकटा वापरलेल्या ऑइलचा नाही, त्याच बॅचच्या न वापरलेल्या ऑइलचाही पाठवला. हे प्रत्येकाने करावं असं माझं आग्रहाचं मत आहे. डाटाशीटवरचे आकडे सरासरी असतात, तुमच्या कॅनमध्ये प्रत्यक्षात काय आहे ते त्यावरून कळत नाही. नमुना घेताना इंजिन गरम, ड्रेन बोल्ट काढल्यावर पहिली धार सोडून मधली धार बाटलीत. आणि मुद्दाम जवळच्या फेऱ्यांनंतर घेतला. का ते पुढे येतंय.

आता रिपोर्ट. न वापरलेल्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १०० अंशांना १८.६ सेंटिस्टोक. वापरलेल्याची १२.४. एसएई जे३०० (ऑइलच्या ग्रेड ठरवणारं मानक) च्या तक्त्यात पन्नास ग्रेड १६.३ पासून २१.९ च्या आतपर्यंत, चाळीस १२.५ पासून १६.३ च्या आत आणि तीस ९.३ पासून १२.५ च्या आत. म्हणजे कॅनवर पन्नास आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) तीस! फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेते) १८० अंशांच्याही खाली गेलेला, नव्या ऑइलचा २३० च्या वर आहे. फ्यूएल डायल्यूशनच्या (ऑइलमध्ये मिसळलेल्या इंधनाच्या) रकान्यात '५ टक्क्यांपेक्षा जास्त'.

पेट्रोल. चेंबरमध्ये पेट्रोल जात होतं.

सगळं एका फटक्यात जुळलं. जवळच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही, पेट्रोल साठत जातं, ऑइल पातळ होतं, प्रेशर पडतं. हायवेवर ऑइल तासन् तास गरम राहतं, पेट्रोल उडून ब्रीदरवाटे (इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर जातं, प्रेशर वर येतं. नमुना लांब पल्ल्यानंतर घेतला असता तर रिपोर्ट बराच सोवळा आला असता. आणि डिपस्टिकवर काही दिसत का नव्हतं? कारण हे इंजिन थोडं ऑइल खातं. जेवढं जळायचं साधारण तेवढंच पेट्रोल आत यायचं, लेव्हल जागच्या जागी. "एवढं जुनं इंजिन आणि थेंबभर टॉप-अप लागत नाही" म्हणून त्याचं कौतुक व्हायचं!

बाकीचे आकडे वाचताना मात्र मी खूश होतो. सिलिकॉन ८ पीपीएम, म्हणजे एअर फिल्टरमधून धूळ जात नाही. सोडियम-पोटॅशियम नगण्य, म्हणजे कूलंट आत नाही, हेड गॅस्केट शाबूत. लोखंड ६४. शिसं ३८, हे थोडं चढं आहे आणि पेट्रोल हल्ली बिनशिशाचं असल्यामुळे ते बेअरिंगच्या वरच्या थरातूनच येत असणार. पातळ ऑइलवर चाललेल्या बेअरिंगकडून दुसरी अपेक्षा नाही. पुढच्या नमुन्यात हा आकडा उतरायला हवा, नाहीतर बेअरिंग बघायला चेंबर खाली उतरवावं लागेल.

पेट्रोल येतं कुठून? दोन संशयित: कार्बोरेटर भरमसाट पेट्रोल ओततोय, किंवा ब्लॉकवरच्या फ्यूएल पंपाचा डायाफ्राम फाटलाय. प्लग काढले, सहाही खरपूस तपकिरी, काजळी नाही. कार्बोरेटर निर्दोष सुटला. पंप काढून बाकावर घेतला, आउटलेट बंद केलं, इनलेटला सायकलच्या पंपाने जेमतेम ५ पीएसआय हवा दिली (असे पंप साधारण ४ ते ७ पीएसआयवर चालतात, जास्त हवा देऊन चांगला डायाफ्राम फाडू नका) आणि दांड्याच्या बाजूला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे. डायाफ्रामला मधल्या वॉशरच्या कडेने केसासारखी चीर होती. पंपाच्या अंगावर गळतीचं भोक असतं, पेट्रोल त्यातून बाहेर टपकायला हवं होतं. ते भोक ग्रीस आणि धुळीने दगडासारखं बुजलेलं. मग पेट्रोलने खालची वाट धरली, थेट कॅमवर.

डायाफ्राम घेताना एक बघा. जुन्या साठ्यातला 'ओरिजिनल' किट घेऊ नका, पाकीट कितीही देखणं असो. जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाही, कडक होतं आणि नेमकं वॉशरच्या कडेला चिरतं. एका विक्रेत्याने मला असंच किट 'दुर्मीळ' म्हणून चढ्या भावाने देऊ केलं होतं. मी इथेनॉलला चालणारा नवा डायाफ्राम बसवला, भोक तारेने साफ केलं, पुन्हा हवा दिली. बुडबुडे नाहीत.

आता मूळ विषय, ऑइल. माझा बेत वीस-पन्नासचा मोठा ड्रम घेण्याचा होता. तो रद्द. वीस-पन्नास आपण घेत होतो ते प्रेशरसाठी, आणि प्रेशर खाणारा चोर सापडला. शिवाय जे३०० मध्ये १५० अंशांना मोजलेल्या एचटीएचएसची (जास्त उष्णता आणि ताणाखालच्या व्हिस्कॉसिटीची) किमान अट पंधरा-चाळीस आणि वीस-पन्नास दोघांनाही सारखीच आहे, ३.७. बाजारातलं वीस-पन्नास त्याच्या बरंच वर असतं हे खरं, पण माझ्या क्लिअरन्सना ते लागत नाही. थंड इंजिनावर पंधरा-चाळीस टॅपेटपर्यंत लवकर पोचतं हा वर फायदा.

पंप बसवल्यावर साधं पंधरा-चाळीस आणि नवा फिल्टर घातला. गरम आयडलला १९ पीएसआय, २००० आरपीएमला ४५. दर हजार आरपीएमला १० पीएसआय या जुन्या ठोकताळ्यात दुपटीने पास. आणि जवळच्या फेऱ्या मारूनही सुई हललेली नाही. मी गेजचा फोटो काढून घरात सगळ्यांना दाखवला, कोणालाही काही वाटलं नाही.

कायमचं ऑइल कोणतं यावर अजून डोकं चाललंय. सपाट टॅपेटला झेडडीडीपी (झिंक आणि फॉस्फरसचं झीजरोधक ॲडिटिव्ह) हवं, यावर वाद नाही. लोब आणि टॅपेटच्या टोकावर उष्णता आणि दाबाने ते फुटतं आणि धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा थर बसतो, झीज तो थर सोसतो. पण त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो, म्हणून पेट्रोल इंजिनांच्या ऑइलच्या नव्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) श्रेण्यांत त्यावर मर्यादा आली. एसएम, एसएन, एसपीच्या पाच-तीस, दहा-तीस अशा पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ६०० ते ८०० पीपीएमच्या पट्ट्यात. एपीआयच्या गोल शिक्क्याच्या खालच्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असेल तर कॅन परत ठेवा, एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धी निवड होते.

उलट टोकाला 'जुन्या इंजिनांसाठी खास' असं लिहिलेले, जुन्या धाटणीचं चित्र छापलेले कॅन. मागचं बारीक अक्षर वाचा. काहींवर चक्क एपीआय एसए असतं. त्यात ॲडिटिव्हच नसतात आणि १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही असं एपीआय स्वतः सांगते. एसबीसाठी तोच इशारा १९५१ नंतरच्या इंजिनांना. चाळीस-पन्नास वर्षं जुना ट्रक म्हणजे एवढा जुना नव्हे.

मला फॉस्फरस १००० ते १२०० पीपीएममध्ये हवा आहे. त्याहून फार जास्त नको. झिंकची वेगळी बाटली आणून ओतणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही. डिटर्जंट आणि झेडडीडीपी धातूच्या त्याच पृष्ठभागासाठी भांडत असतात, तो तोल ऑइल बनवणाऱ्याने साधलेला असतो. आपण अंदाजाने बाटली रिकामी करायची आणि तोल राहील अशी आशा धरायची, हे मला पटत नाही. फॉस्फरस अति झाला तर लोखंडावरच रासायनिक हल्ला करतो, ते वेगळंच.

व्हॅल्व्होलिन व्हीआर१ चं वीस-पन्नास डाटाशीटनुसार झिंक ०.१४, फॉस्फरस ०.१३ टक्के. उत्तम ऑइल, पण मला आता पन्नास नको. मोबिल १ चं पंधरा-पन्नास साधारण १२०० पीपीएम फॉस्फरसचं, तेही पन्नासच. मग उरतं डिझेलचं पंधरा-चाळीस. डिझेलच्या एपीआय श्रेण्यांपैकी सीआय-४ मध्ये फॉस्फरसवर मर्यादा नव्हती. सीजे-४ पासून (२००६) ती ०.१२ टक्क्यांवर आली, सल्फेटेड ॲश (ऑइल जळल्यावर उरणारी राख) १ टक्क्यावर. माझ्या पट्ट्याला ०.१२ ची मर्यादा अडचणीची नाही, पण सीके-४ च्या काही ऑइलमध्ये फॉस्फरस ८०० च्याही खाली असतो. म्हणजे श्रेणी बघून भागत नाही, आकडाच बघावा लागतो. आणि आकडा न देणाऱ्या कंपनीचं ऑइल मी घेत नाही. डाटाशीटमध्ये 'प्रगत झीजरोधक तंत्रज्ञान' असं लिहून झिंकचा रकाना गाळणाऱ्यांना काय म्हणावं!

खरेदीचं एक गाऱ्हाणंही. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या कॅनांपैकी एकाच्या झाकणाची कडी आधीच तुटलेली आणि बॅच नंबर खरवडलेला. परत पाठवला. तेव्हापासून नियम: सील, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख, तिन्हींचे फोटो पावतीसोबत ठेवायचे. लॅबचा बेसलाइन (न वापरलेल्या ऑइलचा) नमुना त्याच बॅचचा असेल तरच त्याला अर्थ आहे.

हे लिहिता लिहिता बेत पुन्हा बदललाय. साधं पंधरा-चाळीस पूर्ण मुदतभर चालवायचं ठरवलं होतं. ते लवकर काढणार, कारण चेंबरच्या कोपऱ्यांत आणि गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत) राहिलेलं जुनं पातळ ऑइल त्यात मिसळलंय, नमुना गढूळ येईल. हे भरण फक्त धुण्यापुरतं. त्यानंतर सीआय-४ पंधरा-चाळीस भरून स्वच्छ नमुना. दरम्यान घरगुती चाचणी चालू: डिपस्टिकचा एक थेंब फिल्टर पेपरवर. पेट्रोल असेल तर काळ्या डागाबाहेर फिकट कडं लांब पसरतं. जुन्या ऑइलचं कडं ठळक होतं, आताच्या थेंबाचं जवळपास नाही.

कॅमच्या काळजीने व्हॉल्व्ह कव्हर काढलंच होतं, तर डायल गेज लावून सगळ्या पुशरॉडची लिफ्ट मोजून टाकली. बाराही लोब एकमेकांपासून ०.०५ मिमीच्या आत. पेट्रोलने धुतलेल्या कॅमकडून मला एवढी अपेक्षा नव्हती. चौथ्या सिलिंडरकडून टिकटिक यायची, ती निव्वळ सैल ॲडजस्टिंग नटची निघाली, पाच मिनिटांचं काम.

आता ऑइलचं तापमान मोजायचं डोक्यात आहे. तापमान माहीत नसताना प्रेशरच्या आकड्यावर इतका काथ्याकूट करण्यात अर्थ नाही, ८० अंशांचं १९ आणि ११० अंशांचं १९ यांत फार फरक आहे. सेन्सर ड्रेन बोल्टच्या जागी बसवावा की गॅलरीच्या प्लगमध्ये? चेंबरमधलं तापमान वाचायला सोपं, पण बेअरिंगला जाणारं ऑइल गॅलरीत असतं. माझा कल गॅलरीकडे आहे. फक्त तो प्लग टेपर (निमुळत्या) आट्यांचा आहे आणि ओव्हरहॉलपासून हललेला नाही. कोणी असा प्लग ब्लॉक न तापवता काढला असेल तर कसा काढला ते सांगा, पुढचं भरण घालण्याआधी हे उरकायचंय.