खिळ्यांच्या गर्दीत शिशाची गोळी

रणभूमीच्या सर्वेक्षणात मेटल डिटेक्टरने जमिनीतला प्रत्येक धातू उकरून काढायचा नसतो. इंग्लंडमध्ये १६४२ साली सुरू झालेल्या यादवी युद्धाच्या मैदानांवर आम्हाला प्रामुख्याने हवी असते ती शिशाची गोळी. कारण शस्त्रे आणि चिलखते लढाईनंतर लोकांनी उचलून नेली, लोखंड बहुतांशी गंजले, पण नांगरटीच्या थरात पडलेले शिसे आजही ओळखण्याच्या स्थितीत असते आणि गोळ्या कुठे विखुरल्या आहेत यावरून बंदूकधारी कुठे उभे होते याचा माग लागतो. याच युद्धातल्या एजहिलच्या रणभूमीवर याच पद्धतीने मोठे काम झाले आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकून मी इकडे आले आणि अशाच एका मैदानाच्या कडेच्या शेतात आमची तुकडी दहा-दहा मीटरच्या अंतराने चालत होती. शेताच्या एका कोपऱ्यात पूर्वी लाकडी कोठार होते आणि ते जळाले होते, असे शेतमालकांनी सांगितले होते. यंत्रे लोखंडाचे आवाज गाळून टाकण्यावर लावलेली असल्यामुळे त्या कोपऱ्यात हेडफोन जवळजवळ गप्प होते, आणि सहकाऱ्यांनी नकाशावर तो भाग रिकामा म्हणून नोंदवायला घेतला. मला ती शांतता पटली नाही. जळालेल्या कोठाराच्या जागी जमीन खिळ्यांनी भरलेली असणार, म्हणजे तिथे गोळी नसणे आणि गोळी ऐकू न येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या.

यंत्राच्या टोकाची तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद किती मागे पडून परत येतो यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. लहान खिळा एका टोकाला, तांबे आणि चांदी दुसऱ्या टोकाला, शिसे मधे, अशी ढोबळ मांडणी असते. मात्र खिळा आणि गोळी एकाच वेळी कॉइलखाली आल्या की यंत्रापर्यंत दोघांचा मिळून एकच प्रतिसाद पोहोचतो, आणि खिळ्याला गप्प करताना गोळीही गप्प होते. म्हणून निवडीचे काम यंत्राकडून काढून कानाकडे द्यावे, असे मी ठरवले. लहान कॉइल बसवली, लोखंड पूर्णपणे बंद न करता त्याला खालचा, घोगरा स्वर दिला, आणि एका सिग्नलमधून सावरून दुसरा पकडण्याचा वेग वाढवला. मग स्वच्छ मातीवर आमच्याजवळची नमुन्याची गोळी गंजक्या खिळ्याच्या शेजारी ठेवून, दोघांमधले अंतर हळूहळू कमी करत, तिचा आवाज कुठपर्यंत टिकतो ते ऐकून घेतले.

त्यानंतर कोपऱ्यात दोऱ्या ताणल्या आणि प्रत्येक पट्टा आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम, अगदी संथपणे तपासला. खिळा लांबट असल्यामुळे दिशा बदलली की त्याचा स्वर सहसा तुटतो किंवा बदलतो. गोल वस्तूचा तसाच राहतो. घोगऱ्या आवाजांच्या गर्दीत एका ठिकाणी तोकडा पण गोल स्वर दोन्ही दिशांनी एकाच जागी आला. वीतभर खोल मातीतून आधी दोन खिळे निघाले, आणि पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात घालायचा हातातला छोटा डिटेक्टर, पुन्हा घातल्यावर फिकट, पांढुरक्या थराची गोळी हातात आली. व्यास सुमारे १८ मिलिमीटर, वजन ३७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका पौंडात बारा बसतील अशी, मस्केट बंदुकीची. साच्याच्या दोन अर्धांची शिवण स्पष्ट दिसत होती. नळीतून गेल्याचा पट्टा किंवा आपटल्याचा चपटेपणा नव्हता. ती झाडलेली नव्हती, कोणाच्या तरी हातून पडलेली होती. थोड्याच अंतरावर शिशाचे एक छोटे झाकण मिळाले. शिपायांच्या पट्ट्याला दारूच्या लहान डब्या लटकत, त्यांचे ते असावे. झाडलेली गोळी दूर जाऊन पडते, परंतु न झाडलेली गोळी आणि डबीचे झाकण जवळजवळ सापडले, तर बंदूक भरणारा माणूस तिथेच उभा असण्याची शक्यता मला फार महत्त्वाची वाटते.

एवढ्याशा कोपऱ्याला लागलेल्या वेळेवर आमच्या प्रमुखांनी रास्त प्रश्न केला, कारण सगळे शेत या गतीने तपासणे परवडणारे नव्हते. माझे म्हणणे एवढेच होते, की मोकळ्या जमिनीवर लोखंड गाळून वेगाने चालावे, पण जिथे खिळे दाट आहेत तिथली शांतता पुरावा म्हणून नोंदवू नये. त्यांनी ते मानले. दोन्ही वस्तूंची जागा जीपीएसने नोंदवून झाल्यावर नकाशातला तो कोपरा 'रिकामा' ऐवजी 'लोखंडाने झाकलेला' असा वेगळ्या रंगात दाखवला गेला, आणि त्याच्या शेजारचे दोन पट्टे दुसऱ्या दिवशी लहान कॉइलने पुन्हा तपासायचे ठरले.