मामाचे गेम भाच्याच्या हाती

२०२२ च्या दिवाळीत लेकासाठी एक्सबॉक्स सिरीज एस, मायक्रोसॉफ्टचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, घेतला. दुकानात मी एकच प्रश्न फिरून फिरून विचारला होता: आमच्याकडे जुना एक्सबॉक्स ३६० आहे, त्याचे गेम ह्याच्यावर चालतील ना? "चालतात की ताई, सगळे चालतात," दुकानदार म्हणाला. घरी येऊन खोका उघडला, तो पांढरा डबा चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि पोटात गोळा आला. डिस्क घालायला फटच नव्हती.

आमचा ३६० म्हणजे माझी आणि धाकट्या भावाची सामाईक कमाई. २०११ मध्ये माझ्या पहिल्या नोकरीचे आणि त्याच्या शिकवण्यांचे पैसे एकत्र करून घेतलेला. अकरा डिस्का होत्या, आणि त्याखेरीज भावाने वेळोवेळी ऑनलाइन घेतलेले गेम. तो नोकरीनिमित्त बेंगळुरूला गेला, माझं लग्न झालं, आणि मशीन सांगलीला आईच्या घरी माळ्यावर गेलं. नव्या मशीनवर त्याचे गेम येणार नाहीत असं मी धरून चालले, आणि पुढची दीड वर्षं तो विषयच काढला नाही.

मग जून २०२४ मध्ये भावाचा फोन आला. "ताई, ३६० चं स्टोअर २९ जुलैला बंद होतंय. माझे घेतलेले गेम तरी वाचव." मला वाटलं, दुकान बंद म्हणजे सगळंच गेलं. नीट वाचल्यावर कळलं की बंद होणार होती ती ३६० वरची विक्री. आधी घेतलेले गेम नंतरही उतरवून घेता येणार होते. तरी मनाला स्वस्थता नव्हती. त्याच आठवड्यात सांगलीला गेले, माळ्यावरून खोका काढला, पुसला, विटेएवढा तो जड अडॅप्टर लावला. बटणावर बोट टेकवलं तशी ओळखीची बीप वाजली आणि हिरवा दिवा लागला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आली का रे तुमची ती पेटी परत!" भाऊ शेकडो मैलांवर, पण तिच्या तोंडी 'तुमची'च आलं.

खरी अडचण पुढे होती. मशीनमध्ये भावाचं प्रोफाइल होतं, पण साइन-इन होईना. पासवर्ड बरोबर, तरी चूक दाखवायचा. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कारण शेवटी भावालाच सापडलं. मधल्या काळात त्याने खात्याला दुहेरी पडताळणी लावली होती, म्हणजे पासवर्ड टाकला की मोबाइलवर आलेला कोडही द्यायचा. ३६० आला तेव्हा ही सोय नव्हती, त्यामुळे कोड विचारायचा कुठे हे त्या मशीनला माहीतच नाही. त्यावर उपाय असा: संगणकावर खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन 'ॲप पासवर्ड' तयार करायचा आणि ३६० वर नेहमीच्या पासवर्डऐवजी तो टाकायचा. सोळा अक्षरं, कशाचा कशाला अर्थ नाही. भाऊ फोनवर एकेक अक्षर सांगतोय, मी कंट्रोलरने पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर निवडतेय. "प फॉर पुणे." "पी ना?" "हो हो, पी." तिसऱ्या खेपेला प्रोफाइल उघडलं.

गेमपेक्षा मला त्यांच्या सेव्हची काळजी जास्त होती. गेम पुन्हा मिळेल, पण रात्री जागून आम्ही जिथवर पोहोचलो होतो ते कुठून मिळणार? ३६० चा सेव्ह पेनड्राइव्हवर घेऊन नव्या मशीनला लावला तर ते वाचत नाही. रस्ता एकच, क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण. ३६० च्या सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन क्लाउड सेव्ह चालू करायचं, मग हार्ड डिस्कवरचा एकेका गेमचा सेव्ह तिकडे कॉपी करायचा. मी मूव्ह न करता कॉपीच केलं, मूळ प्रत मशीनमध्ये राहू दिली. तुम्हीही तसंच करा.

सांगलीहून परतल्यावर सिरीज एसवर भावाचं खातं जोडलं आणि लायब्ररीत 'माझ्या मालकीचे सगळे गेम' उघडलं. कॅसल क्रॅशर्स होता. लिंबो होता. आणि त्यांच्या खाली फोर्झा होरायझन, २०१२ चा पहिला. हा गेम २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये विक्रीतून काढला गेला. आज नव्याने कुणालाही तो डिजिटल विकत मिळत नाही. पण भावाने तो आधी घेतला होता, म्हणून त्याच्या नावापुढे उतरवून घ्यायचं बटण होतं. मी ते दाबलं आणि टीव्हीसमोर फतकल मारून बसले. आकडा पुढे सरकताना बघत राहिले.

दुकानदाराचं 'सगळे चालतात' कुठे चुकलं ते मला या खटपटीत उमगलं. ३६० मध्ये आयबीएमचा पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर होता. त्यानंतरच्या एक्सबॉक्स वनपासून पुढे एएमडीचे, संगणकात असतात त्या जातीचे प्रोसेसर आले. जुना गेम नव्या मशीनवर आपोआप धावत नाही. आतल्या आत जुन्या मशीनची नक्कल चालवावी लागते, प्रत्येक गेम तपासून नव्याने बांधावा लागतो, आणि तो काढणाऱ्या कंपनीची परवानगी लागते. मायक्रोसॉफ्टने हे काम नोव्हेंबर २०१५ मध्ये १०४ गेमपासून सुरू केलं आणि १५ नोव्हेंबर २०२१ ला ७६ गेमची शेवटची भर घालून यादी थांबवली. यादीत असेल तो चालेल, नसेल तो नाही. सिरीज एसच्या थोरल्या भावंडावर, डिस्क घालायची सोय असलेल्या सिरीज एक्सवरही ३६० ची डिस्क फक्त मालकीचा पुरावा म्हणून लागते. गेम इंटरनेटवरूनच उतरतो.

म्हणून आमचा ॲशेस क्रिकेट २००९ नव्या मशीनवर आलाच नाही. तो यादीत नाही. यादीत तो असावा अशी माझी फार इच्छा होती, कारण त्या डिस्कवर आम्ही भावंडांनी जितकी भांडणं केली तितकी दुसऱ्या कशावर नाहीत. रेड डेड रिडेम्प्शन यादीत आहे, पण आमच्याकडे त्याची डिस्क, आणि सिरीज एसला डिस्क चालत नाही. तोच गेम दुसऱ्यांदा विकत घ्यायचं अगदी जिवावर आलं. सेलची वाट पाहिली आणि घेतला.

त्या खरेदीतही एक वळण आलं. न्यू जर्सीच्या चुलत बहिणीने लेकाच्या वाढदिवसाला पंचवीस डॉलरचं एक्सबॉक्सचं गिफ्ट कार्ड पाठवलं होतं. कोड टाकला तर स्वीकारेना. खातं भारतातलं असेल तर कार्डही भारतातलं, रुपयांचं हवं. खात्याचा देश बदलून कार्ड वापरता येईल असं कुणी सुचवलं. मी त्या फंदात पडले नाही, कारण देश बदलला तर आधीची शिल्लक जुन्या देशातच राहते. कार्ड बहिणीलाच परत दिलं, तिच्या मुलीने वापरलं.

जागेचंही सांगते, कारण हे मला उशिरा कळलं. आमच्या सिरीज एसवर ५१२ जीबी लिहिलेलं आहे, हाताला साधारण ३६४ जीबी येतात. नवे गेम आतल्या जागेवर किंवा त्यांच्या खास एक्स्पान्शन कार्डवरूनच चालतात. पण ३६० चे आणि एक्सबॉक्स वनचे गेम साध्या यूएसबी हार्ड डिस्कवरून चालतात. घरात पडून असलेली एक टीबीची डिस्क लावली आणि मामाचे सगळे गेम तिच्यावर टाकले.

हे ऐकून ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, तो पीएस५, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ५, घेणार होता. मी त्याला आधी कपाटात काय आहे ते विचारलं. पीएस४ च्या डिस्का असतील तर डिस्क ड्राइव्हवालाच पीएस५ घे म्हटलं, कारण पीएस४ चे बहुतेक सगळे गेम त्यावर चालतात, पण नुसत्या डिजिटल मॉडेलवर डिस्क निरुपयोगी. पीएस३ च्या डिस्का मात्र कुठल्याच पीएस५ वर चालणार नाहीत. पीएस३ मधला सेल प्रोसेसर इतका वेगळा होता की पीएस४ च्या वेळीच ती वाट तुटली. त्याच्याकडे पीएस३ च्या सात डिस्का निघाल्या. जुनं मशीन देऊन टाकायचा त्याचा बेत होता, तो त्याने रद्द केला. मला फार बरं वाटलं.

आपण डिजिटल गेम 'घेतला' म्हणतो तेव्हा हाती येतो तो वापराचा परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. परवाना ज्या खात्यावर, गेम त्याचा. म्हणून लेकाचं खातं आता त्याच्या स्वतःच्या नावावर आहे, त्याचा ईमेल आणि परत मिळवायचे कोड मी वहीत लिहून पॉलिसीच्या कागदांबरोबर ठेवलेत. नवा गेम घेण्याआधी तो कुठल्या पिढीसाठीचा आहे तेही बघते.

२०२४ च्या दिवाळीत भाऊ आला. फराळाची ताटं बाजूला सारून दोघांनी कॅसल क्रॅशर्स लावला. क्लाउडवरून सेव्ह आला का, याकडे मी श्वास रोखून बघत होते. भावाने नारिंगी सरदार निवडला. लेव्हल, तलवार, खांद्यावरचा प्राणी, सगळं होतं तसं. लेकाने हिरवा घेतला, कोरा, पहिल्या लेव्हलचा.

"मामा, तुझा एवढा मोठा कसा?"

"तुझी आई आणि मी मिळून वाढवला," भाऊ म्हणाला, "चल, तू माझ्या मागे राहा."