२ नोव्हेंबरची रात्र

इंदूर, रात्री साडेनऊ.

आज आम्हा ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. दुपारपासून दफनभूमीत झेंडूच्या माळा, मेणबत्त्या आणि चुन्याच्या बादल्या. 'ते सुटले, आपण अडकलोय' हे वाक्य आज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतंच, कधी मराठीत, कधी हिंदीत.

वाक्य निम्मं बायबलमधल्या प्रेषित पौलाचंच आहे. तुरुंगात असताना फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मी पेचात आहे. इथून सुटून ख्रिस्ताजवळ जाण्याची उत्कंठा आहे. 'सुटून जाणे' यासाठीचा मूळ ग्रीक शब्द जहाजाचे दोर सोडण्यासाठी आणि तळ उठवण्यासाठीही वापरत. पौलाचा धंदा तंबूंचा (प्रेषितांची कृत्ये १८:३), आणि करिंथकरांना लिहिताना देहालाही तो तंबूच म्हणतो. पण तंबू कधीतरी मोडायचाच, म्हणून त्यानं गिऱ्हाइकाला ढिले टाके घालून दिले असतील असं वाटत नाही. आपण विसरतो ते पुढचं वचन, १:२४: तुमच्यासाठी मी देहात राहणं अधिक गरजेचं आहे.

त्याच पत्रात 'आपले नागरिकत्व स्वर्गात आहे' असंही येतं. याचा अर्थ आपण परतीचं तिकीट असा घेतो. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती; ख्रिस्तपूर्व ४२ च्या लढाईनंतर तिथं निवृत्त शिपाई वसवले गेले. त्यांनी रोमला परत जायचं नव्हतं, मासेदोनियात राहून रोमच्या कायद्यानं वागायचं होतं. इंदूरच्या मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून आपण मूळ गाव महाराष्ट्रातलं सांगतो आणि पोह्यांवर इथला जिरावण मसाला भुरभुरतो.

संदेष्टा यिर्मयाचं पत्रही (यिर्मया २९) बाबेलात नेलेल्या बंदिवानांनाच आहे: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. मुदत ७० वर्षांची. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा दोन वर्षांतच सुटका सांगतो. दोन वर्षांच्या बोलीवर कोण बाग लावील?

'प्रभूनं आता न्यावं' असं कुणी म्हणालं की मंडळीत दोन चुका होतात. एक, लगेच आमेन म्हणायचं. दुसरी, अविश्वास म्हणून दटावायचं. संदेष्टा एलीयानं रतामाच्या झुडपाखाली मरण मागितलं तेव्हा (१ राजे १९) आमेनही झालं नाही, दटावणीही नाही. झोप मिळाली, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी मिळालं, तेही दोनदा. प्रश्न नंतर विचारला गेला. म्हणून आधी विचारावं: रात्री झोप लागते का, पोटात काय गेलं, गोळ्या चालू आहेत की बंद केल्या? ख्रिस्ताची ओढ असलेला माणूस सहसा शेजाऱ्याची विचारपूस सोडत नाही; थकलेला किंवा नैराश्यात असलेला माणूस आधी तीच सोडतो. स्वतःचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर त्याला एकटं ठेवू नये, डॉक्टर गाठावा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावावा. प्रार्थना सोबत चालू राहू द्यावी. ती डॉक्टरऐवजी नाही.

आणि स्वर्गाची एवढी ओढ असेल तर मृत्युपत्र का केलेलं नसतं? हा दरवर्षीचा राग आहे, लिहून टाकतो. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू. मृत्युपत्र नसेल तर साधारणपणे पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश जातं, मग सेवा कुणीही केलेली असो. करायचं असेल तर साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार मात्र किमान दोन. गफलत होते ती इथे: घरातलाच माणूस हाताशी आहे म्हणून त्याची सही घेतात. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला वाटा रद्द ठरतो. बाकी मृत्युपत्र टिकतं, पण नेमकी ती मुलगी किंवा सून रिकाम्या हाती राहते. वाटा नसलेले दोघे बघावेत, त्यांना मजकूर वाचून दाखवायचीही गरज नसते. दुसरी गफलत: आपल्यात लग्नानं आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. विधुरानं पुन्हा लग्न केलं आणि कागद जुनाच राहिला, तर तो नसल्यासारखाच.

कबरींचंही थोडं. संगमरवरावर सांडलेलं मेण गरम असताना पुसू नये, पसरतं आणि छिद्रांत शिरतं. थंड झाल्यावर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेनं खरवडावं, मग कोमट साबणपाणी. लिंबू, चिंच, संडास धुण्याचं ॲसिड अजिबात नको: संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, आम्लानं चकाकी जाते आणि कोरलेली अक्षरं बोथट होतात. 'प्रभूमध्ये निजली' मधली वेलांटी अशीच जाते.

पिशवीभर निर्माल्य दाराशी ठेवलंय. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येईल. त्याआधी माळा सोडवायच्या: फुलं ओल्या डब्यात, दोरा आणि मेणबत्त्यांची वेष्टनं सुक्यात.