वस्तादांच्या मागची हलगी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या व्हिडिओ एडिटिंगच्या खोलीत गेल्या हंगामात एक काम आलं. एका तालमीच्या पोरांना आपल्या वस्तादांची मुलाखत चॅनेलवर टाकायची होती. मुलाखत घेतली कुठं, तर ऐन कुस्तीच्या मैदानाकडेला, मागं हलगी-घुमकं कडाडत असताना. आवाज मोबाईलचाच, कॉलरला माइकसुद्धा नाही.

टेपच्या काळात असलं फुटेज मी परत पाठवलं असतं. तेव्हा ६० मिनिटांची मिनीडीव्ही कॅसेट कॉम्प्युटरात घ्यायला, म्हणजे कॅप्चर करायला, ६० मिनिटंच लागायची, वर १३ जीबी जागा जायची. लग्नाचं मिक्सिंग म्हणजे रात्री रेंडर लावायचा आणि मशीन हँग झालं नसू दे म्हणत सकाळी धावायचं. आता रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२२ पासून माणसाचा आवाज वेगळा काढायची सोय आहे. प्रीमिअर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून बोलणं मजकुरात दिसतं. त्यातलं वाक्य खोडलं की व्हिडिओही तेवढाच कापला जातो. मला हे मनापासून आवडतं. ‘जुनं तेच खरं’ म्हणणारे एडिटर त्या कॅप्चरच्या रात्री विसरलेत, एवढंच म्हणेन.

तर बटण दाबलं. हलगी गायब! वस्ताद जणू बंद खोलीत बसून बोलतायत. बोलण्यातल्या मोकळ्या जागाही आपोआप काढता आल्या, एकवीस मिनिटांची मुलाखत चौदावर आली. सबटायटलमध्ये मात्र कुस्तीच्या डावांची नावं बिघडली, ‘ढाक’ची ‘ताक’ आणि ‘घिस्सा’चा ‘किस्सा’ झाला होता, ते हातानं सुधारलं. काम घेऊन आलेलं तालमीचं पोरगं खूश. “दादा, नाद खुळा! असंच टाकूया.”

मला मात्र एक शॉट खटकत होता. वस्ताद बोलता बोलता थांबतात, मैदानाकडं बघतात आणि त्यांची बोटं मांडीवर ताल धरतात. आवाज साफ केल्यावर ती बोटं उगीचच हलत होती. शिवाय हलगीचा ठोका ज्या अक्षरावर पडला, ते अक्षर पाण्यातून बोलल्यासारखं बुळबुळीत झालेलं. यात मशीनचा दोष काढता येत नाही. बोलणं ठेव आणि बाकी सगळं गोंगाट समजून काढ, हेच त्याला शिकवलंय. हलगीवर पैलवानाच्या अंगात वारं भरतं, ते त्याला कुणी सांगायचं?

दुपारी वस्ताद स्वतः आले. फेटा सावरत खुर्चीवर बसले, हेडफोन नको म्हणाले, स्पीकरवरच ऐकलं. मिनिटभरानं हात वर केला.

“मैदान कुठं गेलं रं?”

“वस्ताद, आवाज स्वच्छ यावा म्हणून काढलंय,” पोरगं म्हणालं.

“आरं, मग घरातच बसून बोललो असतो की मी!”

मग खरं काम सुरू झालं. साफ केलेला आवाज एका ट्रॅकवर, त्याच्याखाली मूळ आवाज. वस्ताद बोलतात तिथं हलगी दबवायची, थांबतात तिथं वर आणायची. कापलेल्या मोकळ्या जागा एकेक ऐकून परत बसवल्या. काही खरंच रटाळ होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. बोटांच्या शॉटला हलगी पूर्ण उघडली. यातलं काहीच बटणावर होत नाही, कारण कुठली शांतता बोलतेय आणि कुठं माणूस नुसता शब्द शोधतोय, हे ऐकूनच ठरवावं लागतं. दिवे लागायची वेळ झाली. वस्ताद तोवर बसून होते, दोनदा चहा झाला.

बिल बघून पोरगं म्हणालं, “दादा, एआयनंच केलंय की सगळं! एवढे कसले?”

गिऱ्हाईक अजून तासावर पैसे मोजतं, आणि सॉफ्टवेअरनं नेमके तेच तास खाल्लेत. ठरवायला किती वेळ गेला, ते बिलात कुठल्या ओळीत लिहायचं, मला अजून जमलेलं नाही. शेवटी त्यानं पाचशे कमी दिले, आणि जाताना रीलसाठी तीन तुकडे रात्रीपर्यंत मागितले, हलगीसकट.