भात आसा ना?

कुडाळ-मालवण रस्त्यावर एका हॉटेलाबाहेर फळा दिसला. खडूने, वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘अस्सल कुळथाची पिठी थाळी, रु. २२०’. एसटी नेमकी तिथेच कुणाची तरी पोती उतरवायला थांबली होती, त्यामुळे फळा नीट वाचून झाला, पुन्हा वाचून झाला, आणि भरदुपारी माझं डोकं फिरायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मिळाला. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्याकडे आणि मग फळ्याकडे पाहिलं. ‘पिठीक दोनशे वीस!’ एवढंच म्हणाल्या. पुढे मालवण येईपर्यंत आम्ही दोघी एका पक्षाच्या होतो.

पिठी म्हणजे काय, ते मी सांगत बसणार नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी सहा वाजता डबे उघडून बघणाऱ्या बाईला ती ठाऊक असते. भाजी संपलेली, मासळी आणायची नसते किंवा परवडत नसते, डाळीच्या डब्याचा तळ दिसतोय आणि घरात जेवणारी तोंडं मात्र तेवढीच. मग लसूण ठेचायची, मिरची मोडायची, फोडणीत कांदा टाकायचा, गार पाण्यात कालवलेलं पीठ ओतायचं आणि उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही. दोन आमसुलं. असलं तर खोबरं, नसलं तर नाही. पंधरा मिनिटांत घर जेवायला बसतं.

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेतली. दोनशे वीस या आकड्याचा राग गेला नव्हता. पाच माणसांच्या पिठीला मी चार मोठे चमचे पीठ घेते, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम धरा. कुळथात शंभर ग्रॅममागे बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. म्हणजे अख्ख्या पातेल्यात दहा-अकरा ग्रॅम, आणि माणशी जेमतेम दोन. दोन ग्रॅम! लहानपणापासून ऐकत आले की कोकणी माणूस पिठी खाऊन डोंगर चढायचा, पिठीत ताकद असते, आजारी माणसाला पिठी द्या, बाळंतिणीला कुळथाचं कढण द्या. कढणाचं एक वेळ खरं असेल, ते दाट असतं. पण रात्रीच्या आमच्या पातळ पिठीत ताकद कसली? त्याच ताटातल्या भाताचा हिशेब केला तर शंभर ग्रॅम तांदळात सात ग्रॅम प्रथिनं निघतात. म्हणजे जिला आपण पौष्टिक म्हणतो ती पिठी मागे आणि ज्याला ‘नुसता भात’ म्हणतो तो पुढे.

हे गणित मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘मगे आज काय करतंस? पिठी नको काय?’ पुरुषांना आकडे दाखवून उपयोग नसतो.

पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. आमच्याकडे पोट भरायचं काम कायम भातानेच केलं. बाकी सगळं, म्हणजे पिठी, सार, सोलकढी, काळ्या वाटाण्याचं सांबार, सुकटीची चटणी, हे भात खाली उतरवायला. कोरडा भात तीन घासांच्या पुढे जात नाही. त्याला काहीतरी ओलं, आंबट, तिखट लागतं. ते जितकं झणझणीत तितका भात जास्त जातो, आणि भात जितका जास्त जातो तितकी पिठी कमी लागते. आजीला प्रथिनं माहीत नव्हती, पण हे माहीत होतं. काहीही कुरकुर केली की तिचा एकच प्रश्न असायचा, ‘भात आसा ना? मगे अजून काय व्हया तुका?’

आमचं माहेर आचऱ्याच्या बाजूचं. काका मुंबईला गिरणीत. महिन्याला मनीऑर्डर यायची, आणि पोस्टमन दिसला की आजी पदर सावरून उभी राहायची, जसा काही काकाच आला आहे. त्या पैशातून तांदूळ (शेतातला तांदूळ फार तर होळीपर्यंत पुरायचा), चहापावडर, साखर, घासलेट आणि मुलांच्या वह्या. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हे सगळं मी मोठेपणी वाचलं. तेव्हा मला एवढंच कळलं की काका गावी आला आणि परत गेला नाही. मनीऑर्डर थांबली आणि जेवणारा माणूस वाढला. काकाबरोबर त्याच्या खोलीत राहणारा एक मित्रही आला होता, चार दिवसांसाठी म्हणून. तो पेरणी होईपर्यंत राहिला. कामाचा होता बिचारा, पण जेवायचाही तसाच.

त्या पावसाळ्यात आमच्या घरी रात्री अकरा ताटं मांडली जायची. कोकणात वर्षाचे कठीण महिने कोणते, हे कुणाला सांगायला नको. आंब्या-काजूचे पैसे मे संपता संपता कौलं शाकारण्यात आणि बी-बियाण्यात जातात. समुद्र खवळलेला. आता तर १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद असते, पण तेव्हाही त्या दिवसांत होड्या वर ओढलेल्याच असायच्या. म्हणून बेगमी. सुकट, सुके बांगडे, आमसुलं, कुळीथ, लाल मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या. आणि फुकटचं म्हणाल तर पहिल्या पावसाचा टाकळा, कुर्डू, अळू, शेवग्याचा पाला. टाकळ्याच्या भाजीत आजी आठळ्या ठेचून घालायची. ती भाजी मला आजही आवडते, मात्र दुसऱ्या दिवशी नाही, आणि त्या पावसाळ्यात बरेचदा दुसरा दिवसही तिचाच असायचा.

खरी कसोटी सुक्या बांगड्याची. अकरा माणसं आणि बांगडे तीन. तुकडे करावे तर कुणाच्या वाट्याला डोकं, कुणाच्या वाट्याला शेपटी, आणि मधला तुकडा कुणाला यावरून आम्हा भावंडांत महाभारत. एकदा माझ्या धाकट्या भावाने आपला तुकडा शेवटी खायला म्हणून भाताच्या ढिगाखाली लपवला, मी तो अलगद काढला, आणि त्याच्या किंकाळीने गोठ्यातली म्हैस उठली. दुसऱ्या दिवसापासून आजीने तुकडे बंद केले. बांगडे चुलीतल्या निखाऱ्यांवर भाजायची. त्या वासाने अर्धी वाडी जागी व्हायची. मग काटे काढून हाताने बारीक चुरायची. त्यात कच्चा कांदा, खवलेलं खोबरं, मिरची, आमसुलाचं थोडं पाणी, आणि सगळं कुस्करून किसमूर. आता कुणी मोजायचं आणि कसं? प्रत्येकाच्या ताटात डावभर किसमूर पडायचं. त्यात बांगडा किती आणि खोबरं किती, हे आजी आणि देव जाणे. पण दर घासाला बांगडा लागायचा. तीन मासे अकरा माणसांना पुरले आणि भांडण संपलं. प्रथिनांच्या कागदावरही हे किसमूर पिठीच्या पुढे जातं बरं का, सुक्या मासळीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. आजीने मात्र ते भांडण मिटवायला केलं होतं.

खोबऱ्याचीही तिची शिस्त होती. नारळाच्या एका वाटीचं पहिलं दूध सोलकढीला, दुसरं आमटीला, आणि उरलेला चोथा फेकायचा नाही. तो दुसऱ्या दिवशी भाजीत किंवा आंबोळीच्या पिठात. मी अजून चोथा फेकत नाही. माझी जाऊ, चांगल्या घरची, म्हणजे नारळाच्या बागेच्या घरची, ती मला हसते. हसू दे. या दोन वर्षांत नारळाचे भाव असे चढलेत की तिच्याही घरी चोथ्याची आंबोळी व्हायला लागली आहे, असं तिची मुलगी मला सांगून गेली.

माझाही एक हट्ट आहे. पिठी उकळती हवी. ताटात भात वाढला, माणसं बसली, की मग पातेलं चुलीवरून उतरवायचं. आधी करून ठेवलेली, साय धरलेली पिठी मला बघवत नाही. तेवढंच नाही, माझं ठाम मत आहे की गरम वाढलं की कमी लागतं. माणूस फुंकर घालतो, थांबतो, बोलतो, आणि भूक मध्येच कुठेतरी भागते. याला शास्त्राचा आधार आहे की नाही, मी शोधलेलं नाही. शोधणारही नाही.

आता रेशनवर अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांचा आधार आहे तो, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण पाच किलोचे तीस भाग केले की दिवसाला एकशे सहासष्ट ग्रॅम पडतात. ते सगळं तांदूळच आहे असं धरलं तरी कोकणी माणूस तेवढा एका रात्री, त्यात पिठी चांगली जमली असेल तर, हसत संपवतो. उरलेला महिना मग दुकानाच्या तांदळावर. शिवाय घरात एक तरी पोर असतं ज्याला भात नको असतो. आमच्याकडे मुलगी आहे. तिला चपाती हवी, त्यातही गोल. गहू परवडतो, गोल परवडत नाही, असं मी तिला सांगते.

आणि खर्च म्हटला की आपण फक्त सामानाचा धरतो, ही एक वेगळीच गंमत आहे. पिठी स्वस्त, पिठी स्वस्त, असं आपण म्हणतो ते कशाच्या जोरावर? भात कापल्यावर त्याच मळ्यात ओलीवर कुळीथ पेरायचे, उपटायचे, झोडायचे. मग मे महिन्यात, चुलीपुढे, ते भाजायचे. जात्यावर भरडायचे. सुपात पाखडून टरफलं काढायची. पुन्हा बारीक दळायचे. आई आणि काकी जात्याला समोरासमोर बसायच्या आणि दोघींच्या पाठी घामाने भिजलेल्या असायच्या. त्या दुपारींचे पैसे कुणी धरले नाहीत. धरले असते तर अकरा माणसांची पिठी काही स्वस्त पडली नसती. आता बचतगटाच्या बायका कुळथाचं पीठ पाकिटात भरून विकतात आणि भाव ऐकून माझ्यासकट सगळ्या जणी आधी ‘एवढं?’ म्हणतात. मग घेतात.

काका सांगायचा, गिरणगावात त्याची खानावळ होती, म्हणजे एक बाई होत्या ज्या स्वतःच्या खोलीत पंधरा-वीस कामगारांना जेवू घालायच्या. अशा बायका लालबाग-परळला गल्लोगल्ली होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, कारण तोवर त्या वाण्याच्या उधारीत बुडालेल्या असायच्या. थोड्या पैशात रात्री पोटभर जेवू घालणं हे काम आहे, त्याला भांडवल लागतं आणि त्याचा मोबदला असतो, हे त्या बायकांकडे पाहिलं की नाकारता येत नाही. संपात काकाच्या खानावळवालीने त्याला दोन महिने उधारीवर जेवू घातलं होतं. तो गावी निघाला तेव्हा ते पैसे द्यायचे राहिले होते. पुढे त्याने भात विकून ते पाठवले. आजी त्यावर काही बोलली नाही. त्या वर्षी आमचा तांदूळ होळीच्या आधीच संपला.

परवा रात्री मुलाचा पुण्याहून फोन आला. खोलीवर चार मुलं राहतात. महिनाअखेर आहे, मेस बंद केली आहे आणि मी दिवाळीत दिलेली पिठाची पिशवी त्याला आत्ता आठवली.

‘आई, पिठी कशी करतत गो?’

मी सांगितलं. लसूण ठेच, पीठ गार पाण्यात कालव, गुठळी राहता नये, हात थांबवू नको. आमसुलं आहेत का? नाहीत. मग टोमॅटो टाक. मागे कुणीतरी भांडं पाडलं.

‘पाणी किती घालू?’

‘जेवक किती जण आसात ता आधी सांग.’

‘चार. पाचवो येतलो बहुतेक.’

‘मगे तांदूळ जास्त घे. पिठीचा काय, ता बघूया.’